लोदचे वार्तापत्र : फडक्यातली पोथी

पुण्याजवळच्या मांजरीहून इथं इस्रायलमधल्या लोदला फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तिकडं सगळे दाढीवाले, दिवसभर प्रार्थनेतच असतील ना?" मंडळी, तसं नाही. माझ्या शेजारी राहणारा बस ड्रायव्हर सिनेगॉगची पायरी वर्षातून एकदोनदाच चढतो. पण तनाख या ज्यूंच्या धर्मग्रंथातला शौल राजा कुठल्या डोंगरावर पडला हे त्याला विचारा. गिलबोआचं नाव तर सांगेलच, वर तिथं जायचा रस्ताही सांगेल. तनाख त्याच्या देव्हाऱ्यात नाही. तो त्याच्या घराचा सातबारा आहे.

इथल्या सरकारी शाळांत, धार्मिक नसलेल्याही, तनाख लहान वर्गांपासून शिकवतात आणि बारावीच्या परीक्षेतही तो विषय असतो. दर स्वातंत्र्यदिनी जेरुसलेममध्ये मुलांची तनाखवर स्पर्धा होते. अर्थात ज्यांचं नाव या सातबाऱ्यावर नाही, ती अरब कुटुंबंही याच लोदमध्ये राहतात. त्यांचं दुखणं डोळ्याआड करून हे पत्र लिहिता येणार नाही.

गेल्या शनिवारी कोकणातल्या रेवदंड्याच्या एक ज्यू मावशी मला आपल्या सिनेगॉगमध्ये घेऊन गेल्या. त्यांच्या तेरा वर्षांच्या नातवाची तोरा, म्हणजे तनाखचा पहिला भाग, वाचण्याची पहिली वेळ होती. कातड्याच्या गुंडाळीवर हातानं लिहिलेली तीन लाखांहून जास्त अक्षरं, काना-मात्रा नाहीत. अक्षरांना बोट लावायचं नाही, म्हणून पोराच्या हातात चांदीची दांडी. एका शब्दाशी तो चुकला. लगेच चार म्हातारे एकदम बोलले, पोरानं शब्द सुधारून पुन्हा वाचला आणि पुढं गेला. कुणी रागावलं नाही, पण चूक कुणी सोडलीही नाही. शेवटी बायकांनी त्याच्यावर गोळ्या-चॉकलेटं उधळली. मावशी माझ्या कानात म्हणाल्या, "आता मोठा झाला हो!"

तेव्हा मला आपला सप्ताह आठवला आणि जीव चरफडला. ज्ञानेश्वरी डोक्यावर घेऊन आपण मिरवतो, फुलं वाहतो, लाल फडक्यात बांधून ठेवतो. पारायणात सात दिवसांत सुमारे नऊ हजार ओव्या संपवायच्या असतात. एखादी चुकली तर थांबायला कुणाला वेळ? एकनाथांनी मात्र 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची एकेक ओवी तपासून शुद्ध प्रत तयार केली. त्यांचं नाव घेणाऱ्या गावात दहावीच्या पोराला पाच ओव्यांचा अर्थ सांगता येत नाही. ही भाषा परकी नाही, आपल्या घरातली आहे. म्हणून जास्त लागतं.

पण ग्रंथानंच माणूस टिकतो असंही मी म्हणणार नाही. मावशींचे पूर्वज कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जात. शनिवारी घाणा बंद, मुलांची सुंता आणि 'शेमा' या प्रार्थनेचे शब्द, एवढ्यावर त्यांनी पिढ्या काढल्या. त्यांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 चं. पुढं 1874 मध्ये आपल्या पुण्यात हिब्रू-मराठी हगादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायची पोथी, छापली गेली. तिच्या चित्रात लुगडं नेसलेल्या बायका वल्हांडणाची भाकरी करताना दिसतात. तीच माणसं इस्रायलमध्ये आली, तर 1962 मध्ये इथल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, लग्नाआधी त्यांच्या पिढ्यांची चौकशी लावली. त्यांनी आंदोलनं केली, तेव्हा कुठं 1964 मध्ये सरकारनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर केलं. ग्रंथ माणसं जोडतो, तसा दारावर पहारेकरीही बसवतो. आपल्या वारकऱ्यांनी ग्रंथ मराठीत आणून तो पहारा उठवला, हे मी इथं सगळ्यांना अभिमानानं सांगतो.

म्हणून एक विनंती. यंदा तुकोबांची पालखी मांजरी फार्मवरून पुढं गेली की त्या संध्याकाळी फडकं सोडा. घरातल्या सगळ्यात लहान पोराला एक ओवी वाचायला लावा. चुकला तर थांबवा, अर्थ सांगा आणि पुन्हा वाचून घ्या.