१७, ७ आणि १३ : एका अशक्य शेताची वाटणी

आकृत्यांचे समान भाग पाडण्याच्या कोड्यांचा मला जुना नाद आहे. त्यातली बहुतेक पुळचट निघतात. वर्तुळ घ्या की चौरस, मधोमध रेघ मारली की संपले. समलंब चौकोन मात्र छळतो. समद्विभुज असेल तर उभा चिरला की सरळ दुभागतो. पण तो दोन भावांत वाटायचे शेत मानून बांध आडवा, समांतर बाजूंना समांतर घालायचा म्हटला की खरी गंमत. रुंद बाजू १७, अरुंद ७, उंची ५ धरा. उंचीच्या मध्यावर बांध घातला तर तो १२ लांबीचा होतो आणि एका भावाच्या पदरात ३६.२५ पडतात, दुसऱ्याच्या २३.७५. भांडण ठरलेलेच.

बरोबर बांध १३चा. १७ बाजूच्या चौरसात मधोमध १३चा चौरस काढा, त्याच्या आत ७चा. २८९ वजा १६९ म्हणजे १२०. १६९ वजा ४९ म्हणजेही १२०. दोन्ही चौकटी सारख्याच. आता कर्णांवरून कापा: प्रत्येक बाजूला आपलाच समलंब चौकोन उरतो, ३० आणि ३० असा वाटलेला. बीजगणिताचे एक अक्षरही लागत नाही.

येल विद्यापीठाच्या बॅबिलोनियन संग्रहात वायबीसी ४६७५ ही मातीची पाटी आहे. अभ्यासक न्यूगेबाउअर आणि सॅक्स यांनी १९४५ साली ती प्रसिद्ध केली. तिच्यावर नेमके हेच गणित आहे: एक लांबी ३१०, दुसरी २९०, रुंदी १७ आणि ७, क्षेत्र दोन बूर, म्हणजे ३६०० सार (ही तिथली क्षेत्रमापे), प्रत्येक वाट्याला एक बूर, तर मधला बांध किती? उत्तर १३. पहिल्या हिश्श्याची सरासरी लांबी १२० येते, दुसऱ्याची १८०.

आता जरा थांबून ते शेत कागदावर काढून पाहा. निघणार नाही. समांतर बाजूंतला फरक १०, तर उरलेल्या दोन बाजूंतला २०! अरुंद बाजूच्या टोकातून एका लांब बाजूला समांतर रेघ काढली की १०, २९० आणि ३१० बाजूंचा त्रिकोण मिळायला हवा. पण २९० अधिक १० म्हणजे ३००च. असे शेत जमिनीवर असूच शकत नाही. लांब्यांची सरासरी, रुंद्यांची सरासरी, दोहोंचा गुणाकार, ही मोजणीदारांची ढोबळ रीत वापरून क्षेत्र छान गोल आणायचे, एवढाच गुरुजींचा हेतू दिसतो. यावरून अशा पाट्यांना व्यवहारी भूमापन म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. हा वर्गातला खेळ आहे, आणि भाऊबंदकी त्याला लावलेला मसाला.

आपल्याकडे राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त समलंब क्षेत्राचे ठरलेल्या प्रमाणात हिस्से पाडण्याची रीत दिली: समांतर बाजूंच्या वर्गांतला फरक हिश्श्यांप्रमाणे वाटा, लहान बाजूचा वर्ग मिळवा, वर्गमूळ काढा. या ग्रंथाची हिंदी अनुवादासह आवृत्ती १९६३ साली निघाली ती आपल्या सोलापुरातून.

हीच रीत तीन भावांना लावून पाहा. चारही रेघा, म्हणजे दोन कडा आणि दोन बांध, पूर्णांकांतच हव्यात असा हट्ट धरा. त्यासाठी समान अंतराने येणारे चार वेगवेगळे पूर्ण वर्ग लागतात. ते नाहीत, असे फर्माने सतराव्या शतकात सांगितले आणि पुढे ऑयलरने सिद्ध केले. तिघांची वाटणी होईल, पण वर्गमूळाची कटकट मागे ठेवूनच.