पुण्यातले फिंचसाहेब आणि एव्हरेस्टचा डगला

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, आपल्याला माहीत असते. १९५२ ते १९५७ या काळात तिचे संचालक असलेले जॉर्ज इंगल फिंच त्याच्या तीस वर्षं आधी एव्हरेस्ट चढायला गेले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. आजच्या गिर्यारोहकाचं पिसांचं जाकीट आणि पाठीवरचा ऑक्सिजन, या दोन्हींच्या इतिहासात या रसायनशास्त्रज्ञाचं नाव अगदी सुरुवातीला येतं.

१९२२ च्या ब्रिटिश मोहिमेत बाकीच्यांचा भरवसा लोकरीच्या थरांवर होता. फिंच यांनी वेगळाच डगला शिवून घेतला. बाहेरून बलूनचं कापड, आत आयडर बदकाची मऊ पिसं, आणि रजईसारखे टाके. तत्त्व साधं आहे. ऊब खरं तर पिसांची नसते, पिसांत अडकलेल्या स्थिर हवेची असते. बलूनच्या कापडातून वारा शिरत नाही, त्यामुळे ती हवा जागची हलत नाही. सोबत्यांनी आधी थट्टा केली. वरची थंडी सोसल्यावर त्याच डगल्याचा हेवा वाटू लागला.

ऑक्सिजनचा संच चार पोलादी नळकांड्यांचा, वजन सुमारे १५ किलो. मुंबईकडे येणाऱ्या बोटीवरच फिंच सोबत्यांकडून त्याची कवायत करून घेत. बरोबर आणलेले मुखवटे नीट चालेनात, तेव्हा त्यांनी काचेची टी-आकाराची नळी आणि खेळण्यातल्या फुटबॉलचा ब्लॅडर जोडून नवी व्यवस्था केली. नळकांड्यातून वायू सारखा वाहत असतो, म्हणजे श्वास सोडताना तो वायाच जायचा. इथे श्वास सोडताना नळी दातांत दाबायची. तेवढ्यात वायू ब्लॅडरमध्ये साठतो आणि पुढच्या श्वासाला मिळतो. काटकसर झाली की नाही!

२७ मे रोजी या युक्तीचा कस लागला. जोडीदार जेफ्री ब्रूस यांना गिर्यारोहणाचा पूर्वानुभव नव्हता. तेजबीर बुरा हा गुरखा जवानही तंबूत सोबत होता. वादळात तंबूत अडकलेल्या तिघांना दुसऱ्या रात्री ऑक्सिजननेच ऊब आणि झोप दिली. पुढच्या चढाईत तेजबीर थकून मागे फिरला. मग वर ब्रूस यांच्या संचाची काचेची नळी फुटली. फिंच यांच्याजवळ जादा नळी होती, म्हणून दोघे वाचले. ते सुमारे ८,३२० मीटरपर्यंत पोचले. काही दिवस आधी ऑक्सिजनशिवाय गेलेली मॅलरींची तुकडी सुमारे ८,२२५ मीटरवरून परतली होती.

इतकं करूनही १९२४ च्या मोहिमेत फिंच यांना घेतलं नाही. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोचले, ते पिसांचे कपडे घालून आणि ऑक्सिजन घेऊन. तेव्हा फिंच पुण्यात एनसीएलचा कारभार पाहत होते.

एनसीएलच्या संचालकांच्या यादीत आणि एव्हरेस्टच्या पुस्तकांत त्यांचं नाव वेगवेगळं सापडतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं, तरच हा माणूस पुरता कळतो.