छपाईतले तीन मिलिमीटर

दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ चित्रकाराने मन लावून रंगवलेले असते. परंतु अंक हाती येतो तेव्हा त्याच्या एका कडेला केसाएवढी पांढरी रेघ दिसते. दोष चित्राचा नसतो, शाईचाही नसतो. चित्र छपाईसाठी सिद्ध करताना ‘ब्लीड’ सोडायचे राहिलेले असते, इतकेच.

सुट्या कागदांवर छापणाऱ्या ऑफसेट यंत्राला कागद पकडण्यासाठी एक कड कोरी लागते. म्हणून चित्र मोठ्या कागदावर छापून मागाहून कापले जाते. शेकडो कागदांची थप्पी एकाच वेळी पात्याखाली जाते. तीत एखादा कागद सरकतो, दमट हवेने किंचित वाढतो आणि काप ठरलेल्या रेषेपासून थोडा ढळतो. चित्र नेमके त्या रेषेवरच संपत असेल, तर कोरा कागद उघडा पडतो. यासाठी चित्र रेषेबाहेर वाढवून ठेवतात. कापून टाकण्यासाठीच ठेवलेला हा वाढीव भाग म्हणजे ब्लीड.

सामान्यतः चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड पुरते. ए-४ पान २१० बाय २९७ मिलिमीटरचे असते. त्याचे चित्र २१६ बाय ३०३ मिलिमीटर हवे. इंचाला ३०० बिंदू धरल्यास ते साधारण २५५१ बाय ३५७९ बिंदूंचे होते.

पुष्कळजण तयार चित्रच ताणून या मापाचे करतात. हा उपाय फसवा आहे. दोन्ही मापांचे प्रमाण सारखे नसल्याने आकृती बिघडते, शिवाय कडेजवळची अक्षरे आणखी कडेला सरकतात. वाढवायची ती केवळ पार्श्वभूमी. म्हणूनच चित्रकाराला आरंभीच पूर्ण माप सांगावे. नंतर आकाश किंवा अंगण जोडत बसणे जिकिरीचे ठरते.

जशी बाहेर सूट, तशीच आतही हवी. अंकाचे नाव, किंमत, चेहरे कापाच्या रेषेपासून किमान ५ मिलिमीटर आत असावेत. कडेलगतची बारीक चौकट शक्यतो टाळावी. काप जरासा ढळला तरी तिची एक बाजू जाड, दुसरी बारीक दिसते.

शेवटी पीडीएफ करताना ब्लीडचा पर्याय निवडला आहे ना, हे पाहावे. तो राहिला, तर आधीची सारी काळजी वाया जाते. पडद्यावरची चूक क्षणात सुधारता येते. छापलेल्या हजार प्रतींवरची चूक मात्र हजार वेळा वाचकासमोर येते.