विंचवरचा आकडा आणि ओंडक्याचे ओझे

आल्प्स पर्वताच्या उतारांवर, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात, अनेक शेतकऱ्यांच्या मालकीची छोटी जंगले आहेत. तोडलेले ओंडके रस्त्यापर्यंत ओढून आणण्यासाठी ते ट्रॅक्टरच्या मागे विंच बसवतात. विंच म्हणजे आपल्या विहिरीवरचा रहाटच. फक्त तो इंजिनावर फिरतो आणि त्याचा दोर पोलादी तारांचा असतो. (कॅलिफोर्नियात जॉन डॉल्बियर याने १८८१ मध्ये या कामाला वाफेचे इंजीन जुंपले. त्याआधी तेथे बैल ओंडके ओढत.)

विंच घेताना पहिला प्रश्न येतो, किती ओढीचा घ्यायचा? त्याचे उत्तर अकरावीच्या भौतिकीत आहे.

समजा, ओंडका ६ मीटर लांब व ४० सेंटिमीटर व्यासाचा आहे. त्याचे घनफळ सुमारे ०.७५ घनमीटर. ओल्या लाकडाची घनता सुमारे ८०० धरली तर वस्तुमान ६०० किलोग्रॅम, म्हणजे वजन सुमारे ६ किलोन्यूटन. तो २० अंशांच्या चढावरून वर ओढायचा आहे. घर्षणगुणांक माती, गवत, साल यांप्रमाणे बदलतो, आपण ०.७ घेऊ. उताराच्या दिशेने वजनाचा घटक सुमारे २ आणि घर्षण सुमारे ४, एकूण ६ किलोन्यूटन. गंमत अशी, की ओंडका या चढावरून ओढायला जवळजवळ तो उचलण्याइतकेच बळ लागते! असे तीन ओंडके एकदम बांधले तर १८ किलोन्यूटन.

मग ३० किलोन्यूटनचा, म्हणजे बोलीभाषेतला ‘३ टनी’ विंच भरपूर झाला, असे वाटेल. पण हा आकडा बहुधा रिकाम्या ड्रमचा असतो. ड्रमला मिळणारे आघूर्ण ठरलेले असते. ओढ म्हणजे आघूर्ण भागिले त्रिज्या. ड्रमचा व्यास १२ सेंटिमीटर, रुंदी २० सेंटिमीटर आणि दोर १० मिलिमीटरचा असेल, तर पहिल्या थराची त्रिज्या दोराच्या मध्यापर्यंत ६.५ सेंटिमीटर भरते. प्रत्येक थराला ती सुमारे १ सेंटिमीटरने वाढते. पन्नासेक मीटर दोर गुंडाळेपर्यंत पाच थर होतात आणि त्रिज्या १०.५ होते. ओढ उरते ३० × ६.५ ÷ १०.५, म्हणजे साडेअठरा किलोन्यूटन. वेग मात्र त्याच प्रमाणात वाढतो, कारण शक्ती तेवढीच आहे.

आता हे जंगलात कसे घडते ते पाहा. ओंडका दूर असतो तेव्हा दोर सुटलेला, ड्रम जवळजवळ रिकामा आणि ओढ सर्वांत जास्त. ओंडका जवळ येतो तशी ओढ घटते. नेमक्या रस्त्याच्या कडेशी असलेल्या शेवटच्या उभ्या बांधावर जास्तीत जास्त बळ लागते आणि तेथेच विंच सर्वांत दुबळा असतो. म्हणून विंच निवडताना भरलेल्या ड्रमवरची ओढ विचारावी, आणि गरजेपेक्षा लांब दोर गुंडाळून ठेवू नये.

मोठाच विंच घेतला तर? आमच्या मते ही घाईची युक्ती आहे. जेवढ्या बळाने दोर ओंडक्याला ओढतो, तेवढ्याच बळाने तो ट्रॅक्टरलाही ओढतो. विंचखालचे पोलादी पाते जमिनीत रुतते म्हणून ट्रॅक्टर जागेवर राहतो. हलक्या ट्रॅक्टरला जड विंच लावला, तर ओंडक्याऐवजी ट्रॅक्टरच निघेल किंवा कलंडेल. शिवाय दोराची तुटण्याची मर्यादा कमाल ओढीच्या निदान दुप्पट हवी. १० मिलिमीटरचा चांगला पोलादी दोर सुमारे ६० किलोन्यूटनला तुटतो, म्हणजे ३० किलोन्यूटनच्या विंचला तो जेमतेम पुरतो. ताणलेला दोर तुटला, तर त्यात साठलेली ऊर्जा चाबकासारखी उसळते आणि वाटेतल्या माणसाचा जीव घेऊ शकते.

ओंडका अडकलाच, तर त्याला कप्पी बांधून दोराचे टोक ट्रॅक्टरकडे परत आणावे. ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो. पण दिशा बदलण्यासाठी कप्पी झाडाला बांधली आणि दोर पूर्ण उलटा वळला, तर झाडावर दोराच्या ताणाच्या दुप्पट बळ येते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

वर्गात हे दाखवायला लाटणे आणि जाड सुतळी पुरे. लाटण्याला काटकोनात एक पट्टी घट्ट बसवून हँडल करा, सुतळीला वजन टांगा आणि पट्टीच्या टोकाला ताणकाटा लावून पट्टीशी काटकोनात ओढा. पहिल्या आणि पाचव्या थरावरचे आकडे टिपून त्यांचे गुणोत्तर त्रिज्यांच्या गुणोत्तराशी ताडून पाहा. त्रिज्या मोजताना सुतळीची अर्धी जाडी मिळवायला मुले हमखास विसरतात.