न्यूझीलंडला महिनाभर? बीडकरांनो, आधी ऋतू उलटे करा

आपल्या बीडला वर्षाकाठी सहा-सातशे मिलिमीटर पाऊस. न्यूझीलंडच्या मिलफर्ड साउंडला ६,००० मिलिमीटरच्या वर! कपाशीसाठी आभाळाकडे बघत वाढलेल्या माणसाने एकदा तरी तिथं भिजावं, असं माझं स्पष्ट मत.

तिकडे डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, जून ते ऑगस्ट हिवाळा. एप्रिलमध्ये आपण उन्हाने भाजत असतो, तेव्हा दक्षिण बेटावरच्या ॲरोटाउन गावात पानगळीने डोंगर पिवळे झालेले असतात. गर्दीही कमी. मी तर एप्रिलच सुचवेन.

व्हिसा लागतोच. खर्चाला माणशी महिन्याला १,००० न्यूझीलंड डॉलर असल्याचं दाखवावं लागतं. राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर ४००. थेट विमान नाही, मध्ये बदलावं लागतं.

महिना असेल तर निम्म्याहून जास्त दिवस दक्षिण बेटाला द्या. क्राइस्टचर्चहून टेकापो तलाव, पुढे क्वीन्सटाउन, मग ‘ते आनाऊ’ नावाचं गाव आणि मिलफर्ड. ‘ते आनाऊ’पासून मिलफर्ड जेमतेम १२० किलोमीटर, पण अख्खा दिवस ठेवा; गाडी दर वळणावर थांबवावीशी वाटते. गाडी डावीकडूनच चालवायची आणि इंग्रजीतलं भारतीय लायसन्स चालतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खाऊ! मध अजिबात नेऊ नका. लाडू, चटणी, मसाला, जे काही असेल ते देशात शिरतानाच्या जाहीरपत्रात लिहा. लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड.