लुकलुकणाऱ्या गोळ्यांचे रहस्य
जपानच्या कोनामी कंपनीने १९८७ साली निर्माण केलेला, आणि पुढे नव्वदीच्या दशकात स्वस्त नकली यंत्रांच्या द्वारे सातारा-सांगलीकडील अनेक घरांतील टीव्हीवर अंमल गाजविणारा ‘कॉन्ट्रा’ ज्यांनी खेळला, त्यांना ऐन रणधुमाळीत शत्रू आणि गोळ्या लुकलुकू लागत, हे खचित स्मरत असेल.

तो दोष कॅसेटचा नव्हे. निन्टेन्डोच्या मूळ यंत्राला पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठांहून अधिक हलते चित्रखंड उमटविता येत नसत. म्हणून ते आळीपाळीने दाखविले जात. अवघ्या दोन किलोबाइट रॅमच्या तुटपुंज्या शिलकेवर दोन वीरांचे एकत्र युद्ध मांडणाऱ्या त्या कारागिरांचे कसब मला आजही विस्मयकारक वाटते. ‘कॉन्ट्रा’त तीस जीव देणारी बटणांची ती गुप्त मालिका मात्र कोनामीच्याच काझुहिसा हाशिमोतो यांनी प्रथम १९८६ मध्ये ‘ग्रॅडियस’ या खेळासाठी योजिली होती.