कॅलेंडरवरची लाल खूण

गेल्या महिन्यात बचत गटाची मीटिंग संपली. बाकीच्या बायका पांगल्या, तरी एक जण घुटमळत उभी होती. "ताई, जरा बोलायचं होतं." तिची मुलगी आठवीत. पहिली पाळी येऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि आता दोन महिने पाळीच नाही. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलेलं. "पोरीला विचार, कुठं काही..." पुढचं तिला बोलवेना. तिनं लेकीला विचारलंही होतं. तेव्हापासून पोर आईशी बोलत नव्हती.

खरं सांगू? मला माझीच आठवण झाली. शाळाशाळांतून मुलींशी आरोग्यावर बोलणारी मी, पण स्वतःच्या लेकीची पाळी चुकली तेव्हा मीही तिच्याकडे संशयानंच पाहिलं होतं.

मैत्रिणींनो, पाळी सुरू झाली म्हणजे शरीराचं घड्याळ लगेच जुळलं, असं नसतं. मेंदूकडून संप्रेरकांमार्फत अंडाशयाला निरोप जातो, मग बीज तयार होतं. पहिली दोन-तीन वर्षं हा निरोप कधी नीट पोचतो, कधी नाही. म्हणून पाळी मागे-पुढे होते. या वयात एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ४५ दिवस, हे सर्वसाधारण. एखाद्या वेळी त्याहूनही लांबते. आजारपण, ताण, एकदम घटलेलं वा वाढलेलं वजन यांचाही परिणाम होतो.

पण "होईल आपोआप" म्हणत किती थांबायचं? तीन महिने पाळी आली नाही, ७ दिवसांपेक्षा जास्त अंगावरून जातंय, तासा-दोन तासाला पॅड भिजतंय, चक्कर येतेय, चेहऱ्यावर राठ केस येताहेत, किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. थायरॉइड, पीसीओएस, रक्त कमी असणं, हे तपासल्याशिवाय कळत नाही. मनानं दुकानातून गोळ्या आणून मुलीला देऊ नका. आणि समजा, लेकीला खरंच काही सांगायचं असेल, तर संशयानं तिचं तोंड बंदच होईल.

मी मायलेकींना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाकी सगळं ठीक होतं, हिमोग्लोबिन मात्र ९! लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. परत येताना रिक्षात आई हळूच म्हणाली, "चुकलं गं माझं." पोरीनं काही उत्तर दिलं नाही, फक्त आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

परवा त्यांच्या घरी चहाला गेले होते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लाल पेनानं केलेली एक छोटी खूण दिसली. लेकीनं स्वतः केलेली. तुमच्याही घरात असं कॅलेंडर असेलच ना?